चिनी घ्यावी की जपानी

कर्नाटकातल्या आमच्या कमलनगरहून माझी शाळा फार लांब नव्हती, पण जीप भरल्याशिवाय हलत नसे, आणि आपली जीप भरली असं ड्रायव्हर कधी मानत नसे. आत माणसं, टपावर माणसं, मागच्या फळीवर लोंबकळणारी माणसं, तरी तो गावांची नावं घेऊन ओरडतच राही. मी जवळच्या एका गावातल्या मराठी शाळेत शिकवत होते. पोचेपर्यंत प्रार्थना संपलेली असायची, मुलं ओळीनं वर्गात शिरत असायची, आणि हेडमास्तर घड्याळाकडं न बघता माझ्याकडं बघायचे. एकदा जीपच्या दारात पदर अडकून टरकन फाटला. तो पदर खांद्याशी मुठीत धरून मी दिवसभर शिकवलं आणि संध्याकाळी घरी आल्यावर सांगून टाकलं, की मी गाडी घेणार.

कोणती, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता.

त्या वर्षांत आमच्या भागात बायकांना चालवता येतील अशा दोन तऱ्हेच्या गाड्या मिळत. उदगीरला एक नवं दुकान निघालं होतं, तिथं बॅटरीवर चालणारी चिनी स्कूटर मिळे. तिला लायसन लागत नव्हतं, नंबर लागत नव्हता, पेट्रोल तर नाहीच. घरी नेऊन भिंतीतल्या बटनाला जोडायची. दुसरी जपानी कंपनीची, पेट्रोलवरची, बिनागिअरची. ती बघायला बीदरला जावं लागे. जपानीच्या किमतीत चिनी जवळजवळ दोन आल्या असत्या.

घरात आम्ही तिघं. सासरे, सासूबाई आणि मी. सासऱ्यांना आम्ही आप्पा म्हणत असू. त्यांनी जन्मभर सरकारी बस चालवली होती, भालकीपासून हैदराबादपर्यंत. रिटायर झाले तरी खाकी शर्ट सुटला नव्हता. माझे मालक पुण्याला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत. दसरा-दिवाळीला यायचे, एरवी रविवारी फोन.

त्या रविवारी मी फोनवर विचारलं. ते लगेच म्हणाले, "जपानीच घे. चिनी माल म्हंजे आज हाय, उद्या न्हाई."

"आवो, पण तिला लायसन लागतंय, पेट्रोल लागतंय."

"लागू दे की. अन् जपानी घेतलीस तर हिकडं बी आनता येतंय."

"हिकडं म्हंजे?"

"म्हंजे तू पुन्याला आलीस तर."

पुण्याला जायचं की नाही हे आमच्यात कधी उघड बोललं गेलं नव्हतं. माझी नोकरी कर्नाटक सरकारची, ती उचलून पुण्याला नेता येत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी दर सुट्टी संपताना ते एकदा म्हणायचे, "बघ, काय ते ठरव." मीही म्हणायची, "बघू." आता स्कूटरच्या निमित्तानं ते पुन्हा मधे आलं. मी विचारलं होतं गाडीचं आणि उत्तर मिळालं भलत्याच गोष्टीचं.

आप्पांना विचारलं, कारण घरात गाडीतलं कळणारे तेच. ते पान लावत बसले होते. म्हणाले, "गाडीला आवाज पायजे. आवाज न्हाई ती गाडी न्हवं, खेळनं हाय." मला वाटलं, म्हणजे आप्पांचं मत जपानीला. पुढच्या आठवड्यात मी म्हटलं, "आप्पा, बीदरला जपानी बघून येते." तर पान थुंकून म्हणाले, "ती कामून? ती तर उडी मारती. एका दिसी पाडंल तुला." चिनीचं नाव काढलं की चिनी वाईट, जपानीचं काढलं की जपानी वाईट. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची, त्या चुलीपाशी बसून एवढंच बोलल्या, "त्येस्नी इचारूच नको. त्येंच्या मनात काय हाय ते त्येंनाच ठाव न्हाई."

माझ्या शाळेत कन्नड शिकवणारी एक बाई होती. कमलनगरचीच, व्यापारी लिंगायत घरातली, माझ्याहून थोडी मोठी. मी तिला अक्का म्हणायची. अक्का विचार करत बसणाऱ्यातली नव्हती. एका सकाळी ती चिनी स्कूटरवर शाळेत आली. निळी, हलकी, पुढं जाळीची पिशवी. गाडी इतकी गपचूप चालायची की रस्त्यातल्या म्हशी बाजूला होत नसत. अक्का हॉर्न वाजवून वाजवून दमली, मग कन्नडात शिव्या देऊन म्हशी हाकलू लागली. मी तिच्या मागं बसून जाऊ लागले. जाताना उतार, तेव्हा झकास. येताना चढावर गाडी मुंगीच्या पावलांनी चालायची. मी उतरून शेजारनं चालू लागले तर माझ्याशी बरोबरी करायची. आणि लाईट गेली की संपलंच. आमच्याकडं लाईट कधी जाईल ते कळत नसे, येईल ते त्याहून कळत नसे. अर्धवट भरलेल्या बॅटरीवर अक्का शाळेत यायची आणि ऑफिसातल्या बटनाला गाडी जोडून ठेवायची. हेडमास्तर काही म्हणत नसत, कारण अक्कासमोर कुणीच काही म्हणत नसे.

"घे गं," ती मला म्हणायची. "पडली तर लागत न्हाई, पळाली तर सापडती."

तरी एकदा तिलाच बरोबर घेऊन मी बीदरला गेले. जपानी गाडी दुकानामागच्या गल्लीत चालवून बघितली. लहानपणी सायकल चालवली होती, तेवढ्यावर बसले. मूठ पिरगाळली आणि गाडीनं खरंच उडी मारली. मी किंचाळले. गल्लीच्या टोकाला कशीबशी थांबवली आणि मग मला हसू यायला लागलं, आवरेना. भीती वाटत होती आणि पुन्हा एकदा मूठ पिरगाळावी असंही वाटत होतं. चिनी गाडीवर मला कधी भीती वाटली नव्हती, पण असं हसूही कधी आलं नव्हतं. यातलं कोणतं चांगलं?

दुकानातला माणूस म्हणाला, "गाडी अभी कां है मॅडम, नाम लिखाके जाव. आई तो फोन करते." पैसे मोजून तयार असलेल्या माणसांनाही महिनोन्महिने थांबावं लागत होतं. मी नाव लिहून आले. त्याआधी चिनी गाडी बघायला उदगीरला गेले होते, तेव्हापासून तिथल्या दुकानदाराचं एक बोलणं डोक्यात होतं. तो म्हणाला होता, "ताई, त्या जपानीच्या आतलं सामान कुठं बनतंय ते इचारा की." मी बीदरच्या माणसाला विचारलंही होतं. तो नुसता हसला. मालकांना फोनवर विचारलं तर म्हणाले, "थोडं हितलं, थोडं तिकडलं. आता कुठलं काय ऱ्हायलंय निखळ?" मग ते स्वतःच म्हणाले, की त्यांचे साहेब म्हणतात, पुढं सगळ्या गाड्या बॅटरीच्याच येणार. मी म्हटलं, "मंग चिनी घेऊ?" तर म्हणाले, "न्हाई न्हाई, जपानीच घे."

असे दोन-तीन महिने गेले. मग आप्पांचं ते झालं.

त्या दिवशी कसलातरी बंद होता. जीपा नाहीत, बस नाही, दुकानं अर्धी उघडी. शाळेलाही सुट्टी. सकाळपासून आप्पा अंगणात येरझाऱ्या घालत होते. बसत नव्हते, चहाला नको म्हणत होते, तोंडावर घाम. मी विचारलं तर म्हणाले, "काय न्हाई." दुपार व्हायच्या आधी आत्याबाईंनी मला आत ओढलं आणि कानाशी लागून म्हणाल्या, "त्येंना राती धरनं लघवीच व्हईना. पोट दगडावानी झालंय. तुला सांगू नको म्हनायलेत."

सरकारी दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला. आप्पांना चार पावलं धड टाकता येत नव्हती. शेजारच्या दोघातिघांकडं पळत गेले, ज्यांच्या मोटारसायकली होत्या ते गावात नव्हते. मग अक्काच्या घरी. तिनं लगेच भिंतीतून वायर उपटली आणि किल्ली दिली.

मी गाडी अंगणात आणली तेव्हा आप्पा तिच्याकडं बघतच राहिले. मी म्हटलं, "आप्पा, बसा."

"मी? हिच्यावर?"

"दुसरं काय न्हाई गावात."

आत्याबाईंनी त्यांना धरून मागं बसवलं. ते पाय एका बाजूला सोडून बसले, बायका बसतात तसे, कारण तसंच बसणं जमत होतं. एका हातानं त्यांनी सीटचा दांडा धरला, दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि लगेच काढून घेतला. पहिल्याच खड्ड्याला परत ठेवला. मी इतकी हळू चालवत होते की पोरंटोरं शेजारनं चालत येऊन विचारत होती, "आप्पा, कुठं निघालाव?" आप्पा मान वर करत नव्हते. प्रत्येक खड्ड्याला त्यांचा श्वास माझ्या मानेवर अडकायचा. "हळू, पोरी, हळू."

"याच्याहून हळू केली तर उभी राहील, आप्पा."

गाडीला आवाज नव्हता, थरथर नव्हती. जपानीवर त्यांना नेता आलं असतं का, हे मला आजही सांगता येत नाही. कदाचित लवकर पोचलो असतो. कदाचित पहिल्याच धक्क्याला ते ओरडले असते.

डॉक्टरांनी नळी घातली. आतून आप्पांचा एक मोठा सुस्कारा ऐकू आला. बाहेर बाकावर बसलेल्या मला रडू फुटलं, का ते कळलं नाही. नंतर पुढं उपचाराला बीदरला न्यावं लागेल असं त्यांनी सांगितलं, तसं आम्ही नेलंही आणि आप्पा बरे झाले.

त्या दिवशी परत येताना नळीची पिशवी धोतराच्या घोळात झाकून ते माझ्या मागं बसले. आता बोलायला लागले होते.

"तुला जमती गाडी."

"जमती थोडी."

पुढच्या वळणावर म्हणाले, "मला न्हाई जमत."

"काय?"

"दोन चाकाची. सायकल बी कधी जमली न्हाई. सहा चाकाची बस झोपेत चालवीन, पन दोन चाकावर भ्या वाटतंय. घरात गाडी आली की मला मागं बसावं लागनार, हे ठाव होतं." मग म्हणाले, "मागं बसलं की नुसती तुझी पाठ दिसती. रस्ता दिसंना."

इतके दिवस मी चिनी आणि जपानी यांची तुलना करत होते. आप्पांचा त्या दोघींपैकी कुणाशीच वाद नव्हता. मग मी त्यांच्या मतावरून जे काही मनात मांडलं होतं, ते सगळं मोडलं, आणि मी पुन्हा पहिल्या जागी आले.

त्या रविवारी मी फोनवर सांगितलं, चिनीच घेते. हळू आहे, पण आमच्या रस्त्यांना पुरते, आप्पांना सोसते.

ते म्हणाले, "म्हंजे तिथंच ऱ्हानार तू."

"मी गाडीचं बोलायलेय."

"मी बी गाडीचंच बोलायलोय."

फोन ठेवल्यावर मनात आलं, खरंच मी गाडीचंच बोलत होते का?

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर अक्काबरोबर उदगीरला गेले. दुकानाचं शटर खाली. वरची पाटी होती, पण शेजारचा शिंपी म्हणाला, "ते गेले की. कुठं हैद्राबादला गेलेत म्हनं." अक्का पाटीकडं बघून म्हणाली, "आता माझी बॅटरी कोन बदलनार?" पुढच्या उन्हाळ्यात तिची बॅटरी खरंच बसली. सगळे म्हणाले, बघा, चिनी माल. पण तिच्या भावानं हैदराबादहून दुसऱ्या बॅटऱ्या आणून घातल्या आणि गाडी पुन्हा म्हशींमागनं गपचूप जाऊ लागली.

उदगीरहून रिकाम्या हातानं परत आले आणि काही दिवसांनी बीदरहून फोन आला. "मॅडम, आप की गाडी आई." मी नाव लिहून आले होते, हे मी जवळजवळ विसरले होते. नको म्हणायचं कारण सुचलं नाही. लायसन काढलं आणि जपानी गाडी घरी आली. मी निवडली असं म्हणता येणार नाही. दुसरं दुकान बंद झालं आणि या दुकानातून फोन आला, एवढंच.

आप्पांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, टायर दाबून बघितला, आणि म्हणाले, "आवाज बरा हाय." पण बसले नाहीत. बीदरला तपासणीला जाताना बसनंच गेले.

दसऱ्याला मालक आले. गाडीला झेंडूची माळ घातली, लिंबू ठेवलं, आणि संध्याकाळी म्हणाले, चल, भालकीच्या रस्त्यानं फिरून येऊ. ते पुढं, मी मागं. वारं लागत होतं. तुरीच्या रानातून रस्ता जात होता. काही अंतर गेल्यावर मला आप्पांचं बोलणं आठवलं, कारण मलाही नुसती पाठच दिसत होती. मी म्हटलं, "थांबा, मी चालवते." ते हसले, पण उतरले आणि मागं बसले. मी मूठ पिरगाळली तसे दचकून माझ्या कमरेला धरून बसले.

पुढं रेल्वेचं फाटक लागलेलं होतं. ट्रॅक्टर, बैलगाड्या, एक जीप, सगळे थांबलेले. मी गाडी बंद केली नाही, चालूच ठेवली. मागून त्यांनी विचारलं, "आता ही पुन्याला न्यायची का?"

"ठाव न्हाई."

"तुला काय वाटतंय?"

"तेच कळंना मला."

ती गाडी पुण्याला कधी गेली नाही, मीही गेले नाही. ते तिथं, मी इथं, अशीच आमची पुढची बरीच वर्षं गेली, आणि ते आम्ही दोघांनी ठरवलं की आपोआप झालं, ते आम्हाला सांगता येत नाही. पण त्या संध्याकाळी यातलं काहीच माहीत नव्हतं. आगगाडी आली, डबे धडधडत गेले, फाटक वर उचललं गेलं. मागचा जीपवाला हॉर्न मारायला लागला.

"निघ की," ते म्हणाले.

"कुठं? घरी की पुढं?"

"तू चालवायलीस," ते म्हणाले. मागून हॉर्न वाजतच होता, म्हणून मी निघाले.