रिकाम्या खांबाशी

"रिकाम्या खांबाशी मास्तरनं उभं राहायचं," असं म्हणून आमचे इतिहासाचे सर खरोखरच जाऊन उभे राहायचे. खडूने भरलेली बोटं रुमालाला पुसायची, पाठ खांबाला टेकायची आणि समोरच्या पोरांकडे बघत राहायचं. मी कॉलेजात नवीन होते तेव्हा मला वाटलं, या माणसाचं डोकं जरा फिरलेलं आहे. तुम्ही असता तर तुम्हालाही तेच वाटलं असतं.

अठ्ठ्याण्णव साली मी मुळशीतल्या त्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागले. बैठी इमारत, पुढे लांबच लांब व्हरांडा आणि व्हरांड्याला ओळीने सिमेंटचे खांब. जूनमध्ये पहिल्या वर्षाचा वर्ग भरला की सर पहिल्याच तासाला सगळ्यांना बाहेर काढायचे. खांबांवर खडूने नावं लिहिलेली असायची. एका टोकाला हडप्पा, दुसऱ्या टोकाला, म्हणजे प्राचार्यांच्या दाराशी, स्वातंत्र्य. मधे मौर्य, यादव, शिवकाल, फ्रान्सची क्रांती, सत्तावनचं बंड. "शाळेतलं जिथलं आठवतंय, तिथं जाऊन उभे राहा," एवढंच सर सांगायचे. मार्क नाहीत, चूक-बरोबर नाही. शिवकालाच्या खांबाशी अर्थातच झुंबड उडायची, गलका व्हायचा आणि प्राचार्य कपाळाला आठ्या घालून बाहेर यायचे. ज्या खांबाशी कुणीच नसेल तिथे सर स्वतः जाऊन उभे राहायचे.

मी एकदा म्हटलं, "सर, एवढा खटाटोप कशाला? त्यांच्या मार्कलिस्टा ऑफिसात आहेत."

"मॅडम, मार्कलिस्टेवरून मला तास कुठून सुरू करायचा ते कळत नाही," सर म्हणाले आणि पुन्हा चहाकडे वळले. वाद घालायची त्यांना हौस नव्हती. मला होती, पण समोरचा वाद घालत नसला की फार पंचाईत होते.

सरांचा एक तास कॉलेजात प्रसिद्ध होता, फ्रान्सच्या क्रांतीचा. कॉमर्सची पोरंसुद्धा मागे येऊन उभी राहायची. त्यात सर गंभीर चेहऱ्याने सांगायचे की पॅरिसमध्ये लोकांनी तुरुंग फोडला, त्या दिवशी राजाला शिकार मिळाली नव्हती, म्हणून त्याने रोजनिशीत लिहिलं, 'काही नाही'. इथे हमखास हशा पिकायचा. तो हशा ओसरला की सर खरं शिकवायला लागायचे.

मग दहावीचं पुस्तक बदललं. ते शिकून दहावी झालेली पोरं दोन वर्षांनी आमच्या व्हरांड्यात यायची होती. स्टाफरूममध्ये बाकीचे नव्या पुस्तकाला नावं ठेवत होते. सर म्हणाले, "पुस्तकात जागा तेवढीच असते. एस.टी.त नवा माणूस बसायचा तर जुन्याला उठावं लागतं." नव्या पुस्तकात बरंच काही चांगलं आलं होतं, असंही ते म्हणायचे. उठावं लागलं होतं ते फ्रान्सच्या क्रांतीला. तिचं अख्खं प्रकरण दोन परिच्छेदांत आटोपलं होतं.

नव्या पुस्तकाची पोरं आली त्या जूनमध्ये क्रांतीच्या खांबाशी कुणीच गेलं नाही. सर जाऊन उभे राहिले, पण पोरं विसरली असतील, शिकवताना आठवेल, असं त्यांनी धरलं. पुढे तो प्रसिद्ध तास झाला. राजाने रोजनिशीत काय लिहिलं ते सांगून सर थांबले आणि वर्ग त्यांच्याकडे बघत राहिला. पहिल्या बाकावरच्या एका पोराने वहीत 'काही नाही' असं लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

सर स्टाफरूममध्ये आले ते थेट माझ्यासमोर बसले.

"मॅडम, हसले नाहीत."

मी म्हटलं, नाही हसले तर नाही हसले. पण त्यांचा चहा निवला तरी त्यांनी हात लावला नाही, तेव्हा मी वाद सोडून दिला.

कारण नुसत्या विनोदाचं ते दुःख नव्हतं. चाचणीत निम्मा वर्ग इतिहासात नापास झाला होता. हिंजवडीला काचेच्या इमारती उठत होत्या, पोरांना संगणक शिकायचा होता, आणि पुढच्या वर्षी पुरेशी नावं आली नाहीत तर स्पेशल इतिहास, म्हणजे इतिहास घेऊन पदवी, बंद, असं प्राचार्यांनी सांगून ठेवलं होतं. सरांना कुठेही सामावून घेतलं असतं. पण मग ज्याला इतिहास हवा त्याला पुण्याला जावं लागणार. मुलगे जातील, मुलींना कोण पाठवणार? सरांना हेच लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्ग पुन्हा व्हरांड्यात खांबाखांबांशी उभा केला. स्वतः रिकाम्या खांबाशी उभे राहिले आणि म्हणाले, "इथलं कुणाला थोडं तरी आठवतंय का?" मग उरवडे गावची एक मुलगी शिवकालाच्या गर्दीतून निघाली आणि खाली मान घालून त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"जूनमध्ये का नाही आलीस?"

"मला दहावीत इतिहासात लई कमी मार्क हायेत, सर."

सरांनी खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. तिच्या घरी थोरल्या भावाचं पुस्तक होतं. आमच्याकडे पुस्तकं अशीच उतरत येतात, कव्हर तेवढं नवं घालायचं. पुस्तक बदललंय हे घरात कुणाच्या ध्यानातच आलं नाही. वर्गात ती शेजारणीच्या पुस्तकात बघायची आणि घरी भावाच्या पुस्तकातून पाठ करायची. परीक्षेत जे पाठ तेच आठवलं.

सर हसले. "म्हणजे तू बरोबरच लिहिलंस की. फक्त दादाच्या पेपरची उत्तरं लिहिलीस."

ती पोरगी तोंडावर ओढणी धरून हसली, आणि मग रडली. दोन वर्षं ती स्वतःला ढ समजत होती.

सरांनी तिला सांगितलं, ते प्रकरण आता तूच शिकवायचं. तिने व्हरांड्यातच शिकवलं. माझा तास शेजारीच होता आणि माझी पोरं खिडकीकडे बघत होती, म्हणून मीही मागणी-पुरवठा बाजूला ठेवला. भाकरी महाग झाली की बाया कशा बोलतात, राजाला ते का ऐकू येत नाही, मग तुरुंग कसा फोडला, सगळं ती उरवड्याच्या बोलीत सांगत होती. ती थांबली तेव्हा सरांनी विचारलं, "आणि राजानं त्या दिवशी काय लिहिलं?" पहिल्या बाकावरच्या त्या पोराने वहीत बघितलं आणि वाचलं, "काही नाही." व्हरांडा हसण्याने दणाणला.

शिपायाच्या स्टुलापाशी तिचे वडील उभे होते. गावच्या कारखान्यात तिला पॅकिंगचं काम लागत होतं, म्हणून ते कॉलेजातून तिचं नाव काढायला आले होते. तास संपेपर्यंत ते थांबले.

"घरात ही तोंड उघडत न्हाई," ते सरांना म्हणाले. "हितं एवढी बोलती व्हय?"

"वर्षभर बोलू द्या," सर म्हणाले. "मग बघू."

दाखला न घेताच ते गेले. पुढच्या जूनमध्ये तिने स्पेशल इतिहास घेतला, दोन मैत्रिणींनाही ओढून आणलं आणि वर्ग टिकला. चाचणीतल्या नापासांना सरांनी सकाळी लवकर बोलावून शिकवलं, त्याचाही यात वाटा होता, पण ते त्यांनी कधी कुणाला मोजून दाखवलं नाही.

सर निवृत्त होऊन गावी गेले आणि वर्षाच्या आतच वारल्याचा फोन आला. मला फार वाईट वाटलं. तोपर्यंत मीही नव्या वर्गाला पहिल्या दिवशी विचारायला लागले होते, तुम्हाला आधीचं काय येतं. हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

दोन हजार दहाच्या जूनमध्ये ती उरवड्याची मुलगी तासिका तत्त्वावर आमच्याकडे इतिहास शिकवायला आली. एम.ए. झाली होती, साडी नीट पिनअप केलेली, वर्गात भाषा अगदी पुस्तकी. पहिल्याच आठवड्यात ती तास घेऊन स्टाफरूममध्ये आली आणि थेट माझ्यासमोर बसली.

"मॅडम, हसले न्हाईत."

माझी नजर सरांच्या खुर्चीकडे गेली. तिथे आता प्रिंटर असतो.

"पुस्तक पुन्हा बदललं असेल," मी म्हटलं.

"व्हय. पण खांब कुटं हायेत आता?"

व्हरांडा भिंत घालून बंद केला होता, आत संगणकांची खोली झाली होती. मी तिला खिडकीतून कुंपण दाखवलं. गेटपासून पार शेतापर्यंत तारेच्या कुंपणाचे सिमेंटचे खांब आहेत. ती खडूची पेटी घेऊन गेली.

थोड्या वेळाने मी खिडकीशी जाऊन पाहिलं. पोरं खांबाखांबांशी पांगली होती, एका ठिकाणी झुंबड होती, गलका चालला होता. मधल्या एका खांबाशी कुणीच नव्हतं.

तिने बोटं रुमालाला पुसली आणि जाऊन तिथे उभी राहिली.