मोहाच्या दिवसांतली घंटा

शेवंताबाई आज पहाटे गेल्या. सगळ्या आयुष्यात त्यांनी चर्चची घंटा एकदाच उशिरा वाजवली, आणि ती मुद्दाम.

मी इथे फारसं लिहीत नाही. नातीनं फोन हातात दिला, म्हणाली, "आजी, लिही, नाहीतर रात्रभर बडबडत राहशील." म्हणून लिहिते.

आमचं चर्च आलापल्लीच्या अलीकडे, सागवानात. कौलारू, एका खोलीएवढं. पन्नासच्या दशकात पाद्री चांद्याहून महिन्यातून एकदा यायचे, तेही मोटर मिळाली तर. बाकीचे रविवार आमचे आम्हीच.

म्हणजे शेवंताबाई आणि मी.

पगारबिगार काही नाही हं! शनिवारी त्या झाडायच्या, सारवायच्या, चिंच लावून पितळी क्रूस घासायच्या. वेदीची पांढरी चादर माझ्याकडे. धुवायची, खळ घालायची, कोळशाची इस्त्री फिरवायची.

"सुशे, हे चादर हाय का पापड? पाद्रीचे हात कापतीन ना!"

मी म्हणायचे, "तुमी तुमची घंटा पाहा."

घंटा म्हणजे काय, लाकूड डेपोतून आणलेला रुळाचा तुकडा, चिंचेला टांगलेला. त्यावर हातोडी हाणायची. तो मान शेवंताबाईंचा. घंटा झाल्याशिवाय उपासना सुरू होत नसे, दारात पाद्री उभे असले तरी. रिवाजच होता तसा.

एका साली ईस्टर ऐन मोहात आला.

शहरातल्या फ्रेंड्ससाठी सांगते. मोहाची फुलं पहाटे गळतात. ऊन चढायच्या आत वेचली नाहीत तर गुरं खाऊन मोकळी. ज्यांचं घर त्यावर चालतं, त्यांचं वर्षाचं तेल-मीठ त्या सकाळींवर.

सोमारी त्यांतलीच. जंगलातल्या टोल्यावर, म्हणजे चार घरांच्या वस्तीवर राहायची, चर्च आमचंच. नवरा लाकूडतोडीवर लांब. पाठीला तान्ही पोर, तिला ताप येऊन-जाऊन. आधीचं लेकरू बाप्तिस्म्याआधीच गेलं, तर त्याला कबरस्तानच्या कुंपणाबाहेर पुरायला लावलं होतं. ती जागा ओलांडूनच ती दर रविवारी चर्चला यायची.

शनिवारी येऊन शेवंताबाईंना म्हणाली, "बाई, हिले तरी पाणी लागू दे. मोह वेचून येईन, पण येईन नक्की."

पाद्री नवे होते, नाशिककडचे. माणूस भला, पण घड्याळाचा पक्का. दुपारची मोटर धरून त्यांना पुढच्या गावचा ईस्टर करायचा होता. आणि मे महिना ते रजेवर, म्हणून पुन्हा येणार ते थेट पावसाळा सरल्यावर. मधे नदी ना! तोवर सोमारीची पोर राहील की नाही, कोण सांगणार?

सकाळी चर्चमधल्या अर्ध्या चटया रिकाम्या. पाद्री झगा घालून बाहेर आले.

"शेवंताबाई, वेळ झाली. घंटा द्या."

"देऊ ना साहेब. घाई काऊन करता?"

आणि बसल्या की चिंचेखाली फतकल मारून! हातोडी मांडीखाली!

अवं माय! मी धावले. जवळ जाऊन म्हटलं, "बाई, काऊन असं करून राह्यल्या? चिडतीन ना ते."

"चिडू दे. त्यायले पुढच्या गावाले जाचं हाय. सोमारीची पोर कुठी जाईन, ते तुले माहीत हाय ना?"



पाद्री परत आले. आवाज चढलेला. "बाई, ही देवाची वेळ आहे. माणसांसाठी देवाला थांबवायचं?"

"देव तिसऱ्या दिवसापर्यंत कबरीत थांबला ना साहेब? आणखी घटकाभर थांबीन. पोर नाई थांबत."

ते तडक आत गेले.

खरं सांगू, मलाही शेवंताबाईंचा राग आला होता. पुढच्या गावची माणसंही वाट पाहत असतीलच की. आणि सोमारी आलीच नसती तर?

आधी मोहाचा वास आला, मग बाया आल्या. डोक्यावर टोपल्या, पाय धुळीनं भरलेले. सोमारी सगळ्यांत मागे, धापा टाकत.

शेवंताबाईंनी असा ठोका हाणला की चिंचेवरचे पोपट उडाले.

बाहेर गुरं, म्हणून टोपल्याही आतच ठेवल्या. सगळं चर्च मोहानं घमघमलं. पोरीचं नाव ठेवलं हन्ना. धर्ममाता अर्थातच शेवंताबाई. पाणी लावताना पाद्रींचा हात तिच्या कपाळावर टेकला, तर चटका बसला. ते सोमारीकडे बघत राहिले. 

मोटर चुकलीच. शेवंताबाईंच्या नवऱ्यानं बैलबंडी जुंपली. बंडीत चढताना पाद्रींनी विचारलं, "बाई, हा मोह कधीपर्यंत पडतो?"

"पंधरा-वीस दिवस."

"मग पुढल्या वर्षीपासून या दिवसांत घंटा वेचणं झाल्यावरच द्या."

आमच्याकडे आजही तसंच चालतं.

हन्ना वाचली. आता ती स्वतः आजी आहे, मुलचेऱ्याकडे असते.

आज दुपारी माती होती. हल्लीचे पाद्री, तरुण पोरगा, म्हणाले, "आजी, टाइम झाला. घंटा देऊ या." हन्नाची बस वाटेत बंद पडलेली. एवढं कळलं, मग फोन लागेना.

रूळ तोच आहे. हातोडीही तीच, फक्त दांडा नवा.

मला या वयात खाली बसवत नाही. चिंचेखाली खुर्ची मागवली, हातोडी मांडीखाली घेतली आणि बसले.

"काऊन आजी?"

"शेवंताबाईची लेक यायची हाय."

ऊन उतरल्यावर हन्ना आली, पदरात ओंजळभर मोह घेऊन. मग मी घंटा दिली. ठोका वाकडा पडला. शेवंताबाई असत्या तर दात काढून हसल्या असत्या. मी मात्र तिथंच रडले.

पेटीवर चादर मीच घातली. या वेळी खळ घातली नाही बाई, मऊच ठेवली.

जा आता, शेवंताबाई. तुमची सगळी माणसं आली होती.