लाइलने वाचवलेले सहा महिने

लाइल टोरगर्सनला पैशाची अक्कल फार, असं आमच्या गावात पहिल्यांदा म्हणालं कोण? तर स्वतः लाइलच! सदुसष्टावं लागलं तरी पठ्ठ्या कागदाच्या गिरणीतून हलेना. कंपनीचा विमा आहे तोवरच आरोग्य बचत खात्यात बिनकराचे पैसे भरता येतात. आमच्या अमेरिकेत पासष्टीनंतर मिळणारा सरकारी विमा लागला की ते दार बंद.

बायकोला, डोरीनला, दोन वर्षांपासून ऐकू कमी येत होतं. कानयंत्राला सरकारी विमा दमडी देत नाही, म्हणून ते या खात्यातून घ्यायचं ठरलेलं. पण लाइलला खात्याला हात लावणं जिवावर यायचं.

दर शुक्रवारी तळलेला मासा खायला सगळे बारमध्ये जमायचे. गिरणीतला जोडीदार गॉर्डी एकदा म्हणाला, "चिंगूस लेका, तिला यंत्र घेऊन दे की!"

"घेतो रे. सहा महिने दम धर. मग सरकारी पेन्शनचा अर्ज टाकतो. तोवर खातं काठोकाठ भरू दे."

"तिला ऐकू आलं तर तुझे विनोद कळतील, ही भीती ना?"

सगळे खिदळले. डोरीनही हसली, जरा उशिरा, सगळ्यांच्या तोंडांकडे बघून.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "उशीर करू नका. मेंदूची शब्दांची सवय मोडली की यंत्र नुसता गोंगाट ऐकवतं." लाइलने मान डोलावली आणि पुढचा हप्ता भरला.

सहा महिन्यांनी अर्ज गेला, आणि पत्र आलं. पासष्टीनंतर पेन्शन मागितली की सरकारी विमा मागच्या सहा महिन्यांपासून लागू धरतात. म्हणजे त्या सहा महिन्यांत भरलेला प्रत्येक हप्ता नियमाबाहेरचा. काढून घ्या, वर कर भरा.

त्याच आठवड्यात त्याने दुकानातलं सगळ्यात महाग यंत्र घेतलं. यंत्र लावून केलेल्या तपासणीत डोरीनने पंचवीस शब्दांतले सहा ओळखले. डॉक्टरीणबाईंनी आकडा लिहून घेतला आणि खाली रेघ ओढली.

शुक्रवारी नेहमीच्या टेबलाशी लाइल तिच्याकडे वळला. "डोरीन, माझं चुकलं. तेव्हाच घ्यायला हवं होतं गं."

डोरीनने आधी गॉर्डीच्या तोंडाकडे पाहिलं. तो हसत नव्हता. मग ती नवऱ्याच्या ओठांकडे बघत राहिली, आणि "ही घे" म्हणत तिने चटणीची वाटी त्याच्यापुढे सरकवली.