खंडेनवमीचा एक्सल

आमच्या थोरल्या जाऊबाई, अनुसूयाताई, यांना कुणी ‘आता वय झालं’ म्हणालं की त्या विचारतात, “वय माझं झालं, धाप तुम्हाला का लागते?”

ताईंचे यजमान, कमलाकर भाऊजी, गेले आणि त्यांची जुनी स्कूटर साइडकारसकट झाशीतल्या नगरा भागातल्या आमच्या घरात राहिली. यंदा ताईंनी ती नीट करायला काढली. इंजिन धडधडलं, रंग लागला. साइडकारच्या चाकाचा एक्सल मात्र तुटून दोन तुकडे झालेला, आणि तसला आता झाशीत काय, ग्वाल्हेरीलाही मिळेना.

आमच्या ह्यांना, म्हणजे ताईंच्या धाकट्या दिराला, ती अडगळच वाटे. म्हणाले, “वहिनी, दसऱ्याला स्वतः चालवून दाखवा. नाहीतर एकादशीला कबाडीवाला नेईल.”

“नेऊ दे की. पण दसऱ्याला मी हिला साइडकारमध्ये बसवून लक्ष्मी तालावरच्या देवळात नेणार.”

ही म्हणजे मी. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून रिक्षाची पायरी मला चढवत नाही, त्यामुळे महालक्ष्मीचं दर्शन बंदच झालेलं. साइडकार आपली जमिनीलगत. मी देवीला रोज एवढंच म्हणत होते, की एक्सल होऊ दे.

खरादवाले रामस्वरूपजी लेथवर नवा करून द्यायला तयार झाले. मापासाठी एक तुकडा त्यांच्याकडे होता. दुसरा ताईंनी खंडेनवमीला माझ्या पूजेच्या पाटावर आणून ठेवला, पूर्वजांची कट्यार, विळी आणि अडकित्त्याच्या शेजारी. “तुझ्या थोरल्या भाऊजींच्या हातचं हत्यारच ते,” म्हणाल्या. मी कुंकू लावलं. आमच्याकडे पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याच्या आरतीपर्यंत हलत नाही. नवमीला भाजीसुद्धा हातानं मोडून करतो.

आणि दुपारी रामस्वरूपजींचा फोन. “भाभीजी, बाकी सब तैयार है. चूड़ी वाला टुकड़ा भिजवाओ, उससे मिलाके ही चूड़ी कटेगी. साँझ को दुकान बढ़ा देंगे, फिर दशहरे के बाद.”

दुकान बढ़ाना म्हणजे बंद करणं, आणि चूडी म्हणजे टोकाचे आटे, ज्यावर नट बसतो. तोच तुकडा पाटावर, कुंकू लावलेला.

हे देवघराच्या दारात उभे राहिले. “हात लावायचा नाही. घराची रीत आहे.”

“गेल्या नवमीला याच पाटावरून सुपारीसाठी अडकित्ता कुणी उचलला, भाऊजी?”

“ते... पाहुणे आले होते.”

“पाहुण्यांसाठी रीत वाकते, माझ्यासाठी नाही? आपले पूर्वज फौजेत होते ना? नवमीला गनीम चालून आला असता, तर ‘तलवारीला कुंकू लावलंय, उद्या या’ म्हणाले असते का?”

मला हसू आलं, ते मी पदरात दाबलं. मग ताई माझ्याकडे वळल्या. आवाज उतरला. “पूजा तू मांडलीस. तू नको म्हणालीस तर नाही उचलणार.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. बत्तीस वर्षं त्या नजरेचा अर्थ मला कळत आलाय.

मी हात धुतले. त्या एकट्या तुकड्यावर अक्षता वाहिल्या, ‘पुनरागमनाय च’ म्हणून तो जरा हलवला आणि ताईंच्या हातात दिला. बाकीची पूजा जागची हलली नाही.

“काय केलंस कळतंय का तुला?” हे ओरडले.

“कळतंय. या घरात विसर्जन करता मलाच येतं. तुम्हाला येत असतं तर तुम्हाला विचारलं असतं.”

दुकानात रामस्वरूपजींनी तुकडा आधी कपाळाला लावला आणि ताईंना विचारलं, “सिंदूर पोंछ दूँ?”

“पोंछिए. चूड़ी दिखनी चाहिए.”

सांजेला नवाकोरा एक्सल घरी आला. नट फिरवला तो शेवटपर्यंत गेला, कुठे अडला नाही.

दसऱ्याला आरती झाल्यावर ताईंनी पदर खोचला, हेल्मेट चढवलं. मी ओटीचं ताट मांडीवर घेऊन साइडकारमध्ये बसले. हे फाटकाच्या मधोमध उभे.

“पडाल,” म्हणाले.

“पडलो तर उठू,” मी म्हटलं. “सरका.”

ताईंनी किक मारली. हे सरकले.

“भाऊजी,” ताई धडधडाटातून ओरडल्या, “कबाडीवाल्याला नको म्हणून कळवा. आणि आपट्याची पानं आणून ठेवा, आल्यावर सोनं द्यायचंय तुम्हाला!”