आप्पांच्या ॲम्बॅसिडरसाठी जॅक

“सगळ्यात दांडगा जॅक काढा. ह्यो बारका नगं.”

आप्पांनी काउंटरवर दोन्ही हात टेकवून सांगितलं. मी पुढे ठेवलेल्या अडीच टनी जॅककडे त्यांनी धड पाहिलंही नाही. त्यांची नजर कोपऱ्यातल्या पाच टनी जॅकवर होती. तो हलवायला दोन माणसं लागायची.

नव्वदीच्या दशकाची अखेर होती. आमचं हत्यारांचं दुकान शिरूरला नगर रस्त्यावर होतं. पाने, कंप्रेसर, चेन-पुली, जॅक असा माल. मालकांना आम्ही शेठ म्हणायचो. त्यांचं मोठं दुकान दौंडला होतं आणि शिरूरचं मी सांभाळायचो. त्या दिवशी नेमके शेठ शिरूरला आले होते आणि माझ्या मागे खुर्चीत बसले होते.

“आप्पा, गाडी कुठली?” मी विचारलं.

“ॲम्बॅसिडर. डिझेल.”

“मग अडीच टनी भरपूर झाला. रिकामी ॲम्बॅसिडर दीड टनाचीही नसते. आणि आपण एका वेळी गाडीचं एकच टोक उचलतो.”

“भाऊ,” आप्पा म्हणाले, “गाडीखाली पोरगं झोपतंय माझं. हरिभाऊ. मिलिटरीत गाड्यांचाच मेकॅनिक व्हता. रिटायर झाला आन् घरीच समदं खोलून बसतोय. गाडीसंगट मिळालेला जॅक लावतो आन् खाली सरकतो. मला तितं उभं ऱ्हावत न्हाई. दांडगा जॅक आसला म्हंजी माझ्या जिवाला घोर न्हाई.”

शेठ उठले. “दे ना आप्पांना पाच टनी. गिऱ्हाईक मागतंय ते द्यायचं.”

मी म्हणालो, “जागा बघून देतो.”

शेठ माझ्याकडे बघतच राहिले. “जॅक विकायचाय, दिलीप. मुलगी द्यायची नाही.”

दुकानातले सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. “बघा की,” ते म्हणाले. “निमोण्याला या. उद्याच या.”

इथे थोडं माझ्याविषयी सांगतो. या दुकानाआधी मी बरीच वर्षं कोरेगाव भीमाजवळच्या एका कारखान्यात हायड्रॉलिक प्रेसच्या मेंटेनन्सला होतो. हायड्रॉलिकचं सूत्र साधं आहे. तेल दाबून आकसत नाही, ते दाब पुढे ढकलतं. लहान पिस्टनने तेल ढकलायचं, मोठ्या पिस्टनने वजन उचलायचं. कारखान्यातला अजस्र प्रेस असो की गाडीचा जॅक, आतली अक्कल एकच. आणि दोन्हीकडे माणूस खाली हात घालतो. मी कामाला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी आमच्या फोरमनने सांगितलं होतं, प्रेसवर विश्वास ठेवायचा नाही, खाली लावलेल्या ठोकळ्यावर ठेवायचा. ते मी कधी विसरलो नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या टेम्पोत दोन्ही जॅक टाकून मी निमोण्याला गेलो. घर वस्तीवर होतं. आप्पांचे वडील मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे. आप्पांनी जमीन घेतली, विहीर पाडली आणि कुटुंब एका जागी आणलं. घरासमोर पत्र्याची शेड आणि शेडमध्ये पांढरी ॲम्बॅसिडर. गाडीत तोंड दिसावं इतकी चकाकी. खाली मात्र मुरूम होता. छान धोपटून सपाट केलेला, वरून शेणानं सारवलेला.

हरिभाऊ चाळिशीचा, ताठ, कमी बोलणारा माणूस. त्याने पाच टनी जॅकभोवती एक फेरी मारली.

“हा चांगला आहे की.”

“जॅक चांगलाच आहे. जमीन चालत नाही,” मी म्हणालो.

“ही जमीन?” त्याने बुटाची टाच मुरमावर आपटली. “सिमेंटसारखी घट्ट आहे. लावून तर बघू.”

“लावू. पण गाडीजवळ कुणी वाकायचं नाही. चारही चाकं गाडीला लागलेली पाहिजेत. पुढच्या चाकांना दगड लावा. आणि फार वर न्यायची नाही.”

आप्पा, त्यांची सून संगीता आणि हरिभाऊ यांना मी लांब उभं केलं. जॅक मागून गाडीखाली सरकवला. जॅकच्या वरच्या टोकाला जी गोल वाटी असते तिला सॅडल म्हणतात. गाडीचं वजन त्या सॅडलवर येतं. सॅडल मागच्या ॲक्सलच्या मध्यभागी लावलं आणि लांब हँडल मारायला लागलो.

आता नेमकी गोम कुठे असते ते सांगतो. हा जॅक सरळ वर जात नाही. त्याचा हात दाराच्या बिजागरीसारखा फिरत वर जातो. म्हणजे सॅडल वर जाता जाता थोडं आडवंही सरकतं. म्हणून तर जॅकला चाकं असतात. वजन उचलताना जॅक स्वतः हळूहळू गाडीखाली सरकतो आणि हिशोब जमतो. चाकं फिरली नाहीत तर जॅक जागेवर राहतो आणि सॅडल गाडीखालून निसटायला बघतं.

मागची चाकं जमिनीवरून सुटली. जॅकची लोखंडी चाकं मुरमात रुतली. आणखी दोन हँडल मारले तसा सॅडलखालून करकर आवाज आला. मी हँडल सोडून मागे सरलो.

गाडी धाडकन खाली आली. मागची काच थरथरली. शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

आप्पा मटकन खाली बसले. हरिभाऊने रुतलेल्या चाकांपाशी जाऊन बोटाने खोली पाहिली. मग गाडीखालच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. त्या जागेत तो दर रविवारी झोपायचा.

“युनिटमध्ये सगळीकडे काँक्रीट होतं,” तो म्हणाला. “कधी विचारच करायची वेळ आली नाही. खाली जाड फळी टाकली तर?”

“बाटलीच्या आकाराचा जॅक असतो, त्याला फळी चालते. तो सरळ वर जातो. याला फिरायला जागा हवी. फळीच्या कडेला चाक आलं की पुन्हा तेच.”

“मग कोबा करावा लागेल.”

“कोबा करावा लागेल. एकदम लेव्हलमध्ये. आणि हा पाच टनी मी परत नेतो.”

आप्पांनी मान वर केली. “आन् ते का? कोबा केल्यावर तरी दांडगाच चांगला की!”

मी त्यांना हात धरून उठवलं आणि गाडीच्या मागे नेलं. मागच्या एका चाकाची हवा सोडली. गाडी त्या बाजूला बसली. पाच टनी जॅक पुढे ढकलला, तर तो चेसिसखाली जाईचना. त्याची मूळची उंचीच जास्त. अडीच टनी अलगद आत गेला.

“पंक्चर झाल्यावर जॅक आतच गेला नाही, तर त्याची ताकद कशाला चाटायची, आप्पा?”

आप्पांना पटलं. पण त्यांचा खरा प्रश्न अजून तिथेच होता. “व्हय, पर ह्यो बी कवातरी आसाच खाली आला तर?”

“येणार,” मी म्हणालो. “आज नाही तर दहा वर्षांनी. आत रबराचं सील असतं, ते झिजतं. म्हणून जॅकने फक्त उचलायचं. धरायचं काम स्टँडचं.” मी टेम्पोतून दोन लोखंडी स्टँड काढले. तीन पायांची घोडीच ती, मध्ये खाचा असलेला दांडा, तो खाचेत अडकतो. “यात तेल नाही, सील नाही. गाडी उचलायची, खाली हे लावायचे, गाडी त्यांच्यावर बसवायची आणि मग हरिभाऊंनी आत जायचं. आधी नाही.”

“लिहून घेऊ का?” हरिभाऊने विचारलं. तो पहिल्यांदाच हसला होता.

“तुम्हाला काय लिहायचंय? आप्पांना पाठ झालं की पुरे.”

बापलेकांनी गवंड्याच्या हाताखाली राबून कोबा घातला. संगीतावहिनींनी गोणपाटं टाकून त्याला पाणी मारलं. कोबा पक्का झाल्याचा निरोप आला तसा मी अडीच टनी जॅक घेऊन पुन्हा गेलो. पुन्हा सगळं लावलं. या वेळी जॅक कोब्यावरून आपोआप पुढे सरकला. आप्पा चाकांकडे बघत होते. “चालतंय की ते!” असं म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली.

जॅक वजन धरून ठेवतो का ते बघायला मी गाडी जॅकवरच ठेवली, स्टँड बाजूला उभे करून. बंपरच्या उंचीला भिंतीवर खडूची रेघ मारली आणि म्हणालो, “आता जेवू.”

पिठलं-भाकरी जेवून आलो. बंपर रेघेच्या बोटभर खाली आला होता.

“ह्यो बी तसलाच?” आप्पांचा चेहरा पडला.

नवा पीस होता, पण सील कमी पडत होतं. गाडी उतरवली, जॅक टेम्पोत टाकला आणि गावातल्या एसटीडी बूथवरून दौंडला फोन लावला.

“शेठ, पीस खाली बसतोय. जेवण होईस्तोवर बोटभर.”

“स्टँड दिलेत ना? मग गाडी राहील की स्टँडवर.”

“स्टँड लावेपर्यंत तर जॅकवरच असते. दौंडहून दुसरा पीस पाठवा. मी शिरूरला दुकानात आधी गाडी चढवून बघतो.”

“प्रत्येक जॅकला असं करत बसलास तर दुकान कधी चालवणार?”

“हेच दुकान चालवणं आहे, शेठ.”

मला वाटलं, गेली नोकरी. पण शेठ म्हणाले, “दोन पाठवतो. चांगला ठरेल तो दे.”

दोन्हीही चांगले निघाले. मी त्यांच्यावर दुकानाची जीप दिवसभर चढवून ठेवली होती. तिथेही रेघ मारली, बंपर खाली आला नाही. त्यातला एक आप्पांकडे गेला.

पुढच्या दिवाळीनंतरची गोष्ट. बाजाराच्या दिवशी आप्पा दुकानात आले. हरिभाऊ सोबत होता. शेठही त्या दिवशी शिरूरला आले होते. आप्पा काउंटरच्या आत आले आणि त्यांनी माझे दोन्ही हात हातात धरले. काय झालं ते हरिभाऊने सांगितलं.

तो गाडीखाली गिअरबॉक्स उतरवत होता. गाडी स्टँडवर होती. जॅक शेजारीच गाडीला टेकवून ठेवला होता, हँडल बाहेर. आप्पांकडे अजून चार मेंढरं आहेत, त्यातला एडका सुटला. त्याने हँडलला धडक दिली, शिंग अडकलं आणि त्याने मान हिसडली. हँडल फिरलं की जॅक उतरतो. तो उतरला.

“आणि गाडी?” शेठनी विचारलं.

“टक् असा आवाज झाला,” हरिभाऊ म्हणाला. “जागची हलली नाही. मला बाहेर आल्यावर कळलं, जॅक बसलाय. आप्पा मात्र तिथेच उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं.”

आप्पांनी माझे हात सोडले. “मांडवगणला माझा भाचा हाय. त्याचीबी गाडी हाय. त्याला स्टँड द्या. आन् त्याच्या घरची जागा बघायला तुम्हीच जा, भाऊ.”

मी गेलो. त्यानंतर शिरूर आणि दौंड, दोन्ही दुकानांत शेठनी स्वतःहून नियम केला: स्टँडशिवाय जॅक विकायचा नाही, आणि पीस गाडीखाली उभा करून बघितल्याशिवाय पेटीत बंद करायचा नाही. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मला बढत्या फारशा मिळाल्या नाहीत. पण तो नियम माझ्यामुळे झाला, हे मी आजही छाती काढून सांगतो.

काही गिऱ्हाइकं चिडायची. जॅक मागितला तर हा माणूस स्टँड गळ्यात मारतो, म्हणून उठून जायची. मी जाऊ द्यायचो. रुसलेलं गिऱ्हाईक कधी ना कधी परत येतं. गाडीखाली राहिलेलं येत नाही.