श्रावण संपेपर्यंतचे मासे

भूकंपानंतर वसवलेल्या गावात आमचं घर आहे आणि शेतात पप्पांचं शेततळं. त्यात रोहू आणि कटला. लातूरच्या क्लासमधून मी ताप आला म्हणून घरी आले, तेव्हा श्रावण चालू होता. श्रावणात आमच्याकडे मासे कोण घेतो? मासे उचलणारा व्यापारी म्हणाला होता, थांबा, महिना संपला की लातूरचे मेसवाले तुटून पडतील, तोवर वजन वाढवा. म्हणून पप्पा मासे न काढता दोन्ही वेळेला खाद्य टाकत होते.

आई म्हणायची, "उपास आपला, अन् यांना रोज पंगत."

मग आभाळ भरलं आणि ऊनच पडेना. एका सकाळी तळ्यात सगळीकडे तोंडंच तोंडं वर आलेली. मासे हवा घेत होते. पाणी हिरवं, दाट, वास येणारं. काठाला काही मेलेलेही होते.

पप्पांनी व्यापाऱ्याला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"रोग असंल. खाद्यात औषध कालवा," तो म्हणाला. "महिना संपेपर्यंत तग धरतील. आता काढाल तर पावशेरी मासा कोण घेतो, मालक?"

फोन ठेवून पप्पा माझ्याकडे वळले. मी तापातली, शाल गुंडाळून बांधावर बसलेली. घरात मला कुणी काही विचारत नाही, आणि मीही कधी स्वतःहून बोलत नाही.

"तुझ्या मेसला हाच देतो नं मासे? औषधाचे खाशील का?"

"नाही," मी म्हणाले. पुढचं आपोआप आलं. "रूममधल्या मुलींनाही खाऊ देणार नाही. पप्पा, हा रोग नाही वाटत. गर्दी झालीय. खाद्य सडतंय, पाण्यातली हवा संपतेय."

आई म्हणाली, "बोलली बाई एकदाची."

पप्पा हसले नाहीत. त्यांनी खाद्याचं पोतं बांधून टाकलं, बोअरचं पाणी तळ्यात सोडलं आणि जाळं लावून चांगले, जिवंत असे अर्धे मासे काढले. श्रावण न पाळणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी ते घेऊन पप्पा उदगीरच्या बाजारात गेले. भाव कमीच मिळाला. व्यापाऱ्याने फोनवर त्यांना येडं ठरवलं.

पुढच्या सकाळीही काही तोंडं वर होती. त्याच्या पुढच्या सकाळी आम्ही तिघं काठावर उभे राहिलो. पाण्यावर काहीच नव्हतं. मी घाबरले, सगळे गेले की काय. तेवढ्यात मध्यभागी एक रोहू उसळला आणि खाली गेला.

"हाव, आहेत," पप्पा म्हणाले, बांधावर बसले आणि दोन रात्रींच्या जागरणाने बसल्या बसल्याच झोपले. आईने माझी शाल काढून त्यांच्या अंगावर घातली.