उलटी टाकलेली सीडी

"अगं, लॅबमध्ये पाखरं हाकायचीत का तुला?"

सर म्हणाले आणि अख्खी बॅच फिदीफिदी हसली. मी सीडी उलटी टाकली होती. चमकती बाजू वर, छापलेली खाली. बंद पडलेला कॉम्प्युटर सीडीवरून चालू करायचा, एवढंच प्रॅक्टिकल. खुर्चीवरचा एक पोरगा आला नव्हता म्हणून मला पुढे बोलावलं; त्या ट्रेला हात लावायची माझी पहिलीच वेळ. स्क्रीन काळी ती काळीच.

"तुमच्या लोकांचं सगळं उलटंच. सरक. मागे उभी राहा."

मी सरकले. मान खाली घालून. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

सीडी मी पाहिली नव्हती असं नाही. आमच्या एरंडोलकडे दादर ज्वारीच्या कणसात दाणा भरला की शेतात दोरीला जुन्या सीड्या टांगतात. उन्हात लखलखतात, पाखरं बिचकतात. माय ज्यांच्याकडे निंदायला-खुरपायला जाते, त्यांच्या शेतात मीच त्या बांधल्यात. चमकती बाजू वर दिसली पाहिजे, एवढंच माझ्या हाताला ठाऊक. सीडी घालावी असं यंत्र आमच्या घरात कधी आलंच नाही.

पण सीडीचं सोडा. धुळ्याच्या त्या कॉम्प्युटर कोर्सला सरांचा एक रिवाज होता. ज्याच्या घरी कॉम्प्युटर, तो खुर्चीवर. बाकीच्यांनी मागे उभं राहायचं. "मशीन बिघडवाल. बघून शिका," म्हणायचे. खुर्चीवर कोण? बंगलेवाल्यांची, दुकानवाल्यांची पोरं. मागे कोण? आम्ही. मी आणि यावलकडची सुरेखा, जिचे आईबाप केळीच्या बागेत मजुरीला जातात. दोघी पाय बदलत उभ्या. आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटतच नव्हतं. लाज वाटते ती याची.

त्या दिवशी एसटीने घरी आले. भाकर तोंडात नुसती फिरत होती. मायनं विचारलं, "काय व्हयनं वं?" सगळं सांगितलं. वाटलं, म्हणेल जाऊ दे. ती भाकर थापायची थांबली.

"उभी राहीसन कोन काय शिकस? तुले खुर्ची काबर नही देतस?"

काबर? डोकं भणाणलं. बसमध्ये तेच, रस्त्यात तेच, वर्गात तेच. काबर? का म्हणून? एका जागी बसवेना, कुणाशी धड बोलवेना.

परीक्षेआधीचं शेवटचं प्रॅक्टिकल. लॅब उघडल्या उघडल्या मी आत घुसले आणि पहिल्या खुर्चीत बसले. ती एका कापड दुकानवाल्याच्या पोराची जागा. तो आला, बघतच राहिला. "सर, ही बघा ना!"

"ऊठ," सर म्हणाले.

"नाही उठणार."

"परीक्षेत नापास करीन. मार्क माझ्या हातात आहेत."

नापास म्हणजे कोर्स गेला. परत ते खुरपं, परत दुसऱ्याचं शेत. तरी तोंडातून निघालंच, "करा नापास. पण बसू द्या, मग करा."

या वेळी कुणी हसलं नाही. मी सीडी टाकली, छापलेली बाजू वर. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. स्क्रीनवर ओळ आली: सीडीवरून सुरू करायचं तर कोणतंही बटण दाबा. मी ती वाचेपर्यंत ओळ गेली. मागून कुणीतरी च्यक् केलं. करू दे. पुन्हा बंद, पुन्हा चालू. पुन्हा ती ओळ. दाबलं! आत सीडी घरघर फिरायला लागली आणि काळी स्क्रीन निळी झाली, मशीन चालू झालं.

"झालं ना समाधान? ऊठ आता."

मी उठले नाही. शेजारची खुर्ची ओढली आणि सुरेखाला म्हटलं, "बस." ती सरांकडे बघायला लागली.

"त्यांच्याकडे काय बघतेस? बस."

ती बसली.

सरांनी बोलल्याप्रमाणे केलं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत नापास. माय रडली, मी नाही. परीक्षा पुन्हा देणार आहे. त्याच लॅबमध्ये, त्याच सरांसमोर, खुर्चीवर बसून. आणि त्या दिवशी एक जरी पोरगी मागे उभी दिसली, तर परीक्षा सुरूच होऊ देणार नाही.